शिंप्याच्या टेपपासून हकीमपेटपर्यंत: लष्करी हेलिकॉप्टरचं पायलट व्हायचं असेल तर

माझ्या घरात पुढच्या खोलीत खुंटीला शिंप्याचा टेप टांगलेला असतो. कुणी मुलगा-मुलगी "काका, मला पायलट व्हायचंय" म्हणत आली की चहा नंतर. आधी मी त्यांना चपला काढून भिंतीला पाठ टेकवून खाली बसवतो, पाय समोर ताठ करायला लावतो आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप लावतो. ९९ सेंटिमीटर भरले की पुढचं बोलणं सुरू होतं.

मी स्वतः पायलट नव्हतो. हवाई दलात इंजिन फिटर म्हणून लागलो, हैदराबादजवळच्या हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टरवर काम केलं, पुढे एमआय-१७ वर फ्लाइट इंजिनिअर झालो. या हेलिकॉप्टरमध्ये दोन पायलटांच्या मधोमध, किंचित मागे फ्लाइट इंजिनिअर बसतो. नोकरीची बरीच वर्षं मी पायलटांचे हात बघत काढली. निवृत्तीनंतर अमळनेरला आलो, आणि तेव्हापासून आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी बाप दारात उभा असतो: "भाऊ, मना पोऱ्याले पायलट व्हनं शे, काय करनं पडी?"

खानदेशात भरती म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहाटे चारला एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर पळणारी पोरं सगळ्यांनी पाहिली आहेत. वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीत कामाला गेलेली घरं आहेत. पण अधिकारी होऊन हेलिकॉप्टर उडवायची वाट कुठून सुरू होते, हे गावात सांगणारं कुणी नसतं. पोरं येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कुणी बारावीला गणित सोडून बायोलॉजी घेतलेली असते, कुणाला चष्मा लागलेला असतो, कुणाचं वय गेलेलं असतं. म्हणून ज्या क्रमाने दारं लागतात, त्याच क्रमाने लिहितो.

पहिलं काम: अंग मोजून घ्या, डोळे तपासून घ्या

सगळे जण अभ्यासापासून सुरुवात करतात. माझा आग्रह आहे की शरीरापासून करा, कारण अभ्यास वाढवता येतो, हाडं वाढवता येत नाहीत.

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचसाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. बसलेल्या अवस्थेतली उंची, म्हणजे बूड ते डोकं, ८१.५ ते ९६ सेंटिमीटरमध्ये हवी. पायाची लांबी ९९ ते १२० आणि मांडीची लांबी, म्हणजे भिंत ते गुडघा, जास्तीत जास्त ६४. हे आकडे उगाच ठरवलेले नाहीत. पाय आखूड असेल तर पेडल पूर्ण दाबता येत नाही, मांडी लांब असेल तर गुडघा पॅनेलला अडतो, पाठ लांब असेल तर हेल्मेट छताला लागतं. कॉकपिट माणसाच्या मापाने शिवलेला नसतो, माणसालाच कॉकपिटच्या मापाचं असावं लागतं. पंधराव्या वर्षी दोन सेंटिमीटर कमी भरले तर घाबरू नका, वाढीचं वय आहे. बाविसाव्या वर्षी कमी भरले तर मात्र दुसऱ्या शाखेचा विचार करा.

डोळ्यांचं याहून कडक आहे. एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ चालतं, तेही जवळच्या नंबरमुळे असेल आणि चष्म्याने ६/६ होत असेल तरच. लांबचं धूसर दिसत असेल, ज्याला डॉक्टर मायोपिया म्हणतात, तर फ्लाइंगला नाही. लेझर ऑपरेशनची वाट आहे, पण विसाव्या वर्षाआधी केलेलं ऑपरेशन चालत नाही आणि त्यानंतरही अटी बऱ्याच आहेत. म्हणजे बारावीनंतरच्या एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, ती वाट बंदच. नियम अधूनमधून सुधारतात, म्हणून दर वेळच्या जाहिरातीतला वैद्यकीय भाग पूर्ण वाचा.

रंग ओळखण्याची परीक्षा तर कुणाच्या ध्यानीमनी नसते. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात लपलेला आकडा ओळखायचा असतो. पारोळा तालुक्यातला एक मुलगा एका अकॅडमीत दोन वर्षं होता. बापाने कापसाच्या पैशातून फी भरली. पोरगा लेखी पास झाला, मुलाखतीतून निवडला गेला, आणि मेडिकलला त्या पुस्तकाच्या चौथ्या-पाचव्या पानावर अडकला. लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसत होते, आणि ते आजवर त्यालाही माहीत नव्हतं. अकॅडमीत दोन वर्षांत एकानेही ते पुस्तक त्याच्यासमोर धरलं नव्हतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही तपासणी दहा मिनिटांत होते. कृपा करून क्लासची फी भरण्याआधी ही दहा मिनिटं काढा. त्या मुलाचा बाप माझ्याकडे आला होता. त्याचा प्रश्न एवढाच होता: "हे आधी कोणी सांगत का नाही?"

दुसरं: कोणतं दल

हेलिकॉप्टर एकट्या हवाई दलाकडे नाहीत. सेनादलाची, म्हणजे भूदलाची, स्वतःची आर्मी एव्हिएशन कोअर आहे, १ नोव्हेंबर १९८६ ला ती स्वतंत्र झाली. नौदलाची हेलिकॉप्टर जहाजांवरून उडतात. तटरक्षक दलाकडेही आहेत.

वाटा वेगळ्या आहेत, त्या थोडक्यात सांगतो. हवाई दलात तुम्ही पायलट म्हणूनच घुसता, हेलिकॉप्टर की फायटर ते नंतर ठरतं. सेनादलात आधी अधिकारी होता. पूर्वी तोफखाना, पायदळ अशा शाखांमधले अधिकारी काही वर्षांनी एव्हिएशनकडे यायचे, आता अकादमीतून थेट एव्हिएशन कोअरमध्येही नेमणूक होते. नौदलात पायलट म्हणून निवड झाली की सुरुवातीचं उड्डाण शिकून पुढे तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाली तळावर हेलिकॉप्टरचं शिक्षण मिळतं.

सेनादलाची शाळा तर आपल्या शेजारी आहे. नाशिक रोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल २००३ पासून आहे. चाळीसगावहून रेल्वेने नाशिक रोडला उतरलात तर चेतक नाहीतर चीता डोक्यावरून जाताना दिसायची चांगली शक्यता आहे. पोराला एकदा तिथवर घेऊन जा. आत सोडणार नाहीत, पण आवाज तरी ऐकू द्या.

तिसरं: विषय आणि परीक्षा

दहावीनंतर सायन्सच घ्या, गणित सोडू नका. एनडीएतून हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. सेनादलाच्या विंगला कोणतीही शाखा चालते, पण दारं उघडी ठेवायची असतील तर सायन्स.

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, जनरल अ‍ॅबिलिटीचा ६००, आणि पुढे एसएसबी, म्हणजे अधिकारी निवड मंडळाची मुलाखत, ९०० गुणांची. म्हणजे निम्मे गुण मुलाखतीला आहेत, हे नीट लक्षात घ्या. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापतात.

एनडीए हुकली तर संपलं असं अजिबात नाही. पदवीनंतर एएफकॅट ही परीक्षा आहे, हवाई दल स्वतः घेतं, वर्षातून दोनदा. ६० टक्क्यांची पदवी, बारावीला गणित-फिजिक्स, आणि वय २० ते २४. कमर्शियल पायलटचं लायसन असेल तर २६ पर्यंत चालतं. धुळ्याला आणि शिरपूरला विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याबद्दल लोक नेहमी विचारतात. त्या नागरी आहेत, खर्च मोठा असतो. लष्करात जायचं असेल तर त्यांची गरज नाही. सरकार तुम्हाला शून्यापासून शिकवतं, पैसे घेत नाही, उलट शेवटच्या वर्षी महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन देतं. शेत विकून कमर्शियल लायसन काढलं की हवाई दलात सोपं जाईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पदवीनंतरच यूपीएससीची सीडीएस ही परीक्षाही आहे. आणि कॉलेजात एनसीसी एअर विंगचं सी प्रमाणपत्र मिळालं तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येतं. खानदेशात एनसीसी बहुतेक आर्मी विंगची असते, ते आधी विचारून घ्या.

दहावीच्या मुलासाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. अकरावी-बारावी तिथे होते आणि एनडीएची तयारी करून घेतात. निवड परीक्षेने होते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला सुरू झाली आहे. खासगी क्लासच्या मोठ्या जाहिराती बघण्याआधी हे दोन अर्ज भरा.

मुलींबद्दल वेगळं लिहायचं कारण, बाप लोक अजून दबक्या आवाजात विचारतात: "पोरगी चालते का?" चालते. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर उडवली. नाशिकच्या शाळेतून २५ मे २०२२ ला अभिलाषा बराक सेनादलाच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून बाहेर पडल्या. २०२४ च्या जूनमध्ये अरक्कोणमला अनामिका राजीव नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर पायलट झाल्या. एनडीएची दारं मुलींना २०२२ मध्ये उघडली. आणि आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २००९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी पुण्याहून सुखोईत बसून उडाल्या होत्या.

चौथं: पाच दिवस आणि एक यंत्र

लेखी पास झालं की एसएसबी. हवाई दलाची निवड मंडळं देहरादून, म्हैसूर, गुजरातचं गांधीनगर, वाराणसी अशी आहेत. वाराणसीला भुसावळवरून महानगरी एक्स्प्रेस आहे, गांधीनगरला जायला नंदुरबार-सुरत लाइनने अहमदाबादपर्यंत. पहिल्या दिवशी चाळणी होते, बरेच जण त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत असतात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरचे गटाचे खेळ, मुलाखत.

आपल्या पोरांचं एक दुखणं मी सारखं बघतो. त्यांना कळत नाही असं नाही, ती बोलत नाहीत. गटात आठ जण भांडत असताना यावल-रावेरचा मुलगा मान खाली घालून बसतो, आणि बाहेर आल्यावर मला फोनवर अहिराणीत अचूक उत्तर सांगतो. इंग्रजी फाडफाड लागत नाही, साधं इंग्रजी-हिंदी मिसळून बोललं तरी चालतं, पण तोंड उघडावं लागतं. मी सांगतो की रोज जेवताना घरच्यांना दिवसातली एक गोष्ट पाच मिनिटं हिंदीत सांगायची. हसू दे हसले तर.

मुलाखतीतून निवड झाली की फ्लाइंगवाल्यांना एका संगणकी यंत्रासमोर बसवतात, त्याला सीपीएसएस म्हणतात. हातात स्टिक, पायाखाली पेडल, पडद्यावर हलतं लक्ष्य, आणि डायल बघून विमान कसं उडतंय ते ओळखायचं. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचचं दार कायमचं बंद, मग एनडीए असो की एएफकॅट. म्हणून त्या आदल्या रात्री मित्रांशी गप्पा मारत जागू नका. सूचना सांगतात तेव्हा एक शब्दही सुटू देऊ नका, न कळलं तर विचारा.

हात-पाय-डोळे एकत्र चालवायची सवय कुठून येते? माझं निरीक्षण असं की लहानपणापासून ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्या पोरांचा हात चांगला असतो. ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि ट्रॉली वाकडी व्हायच्या आधीच हात सोडवून घ्यावा लागतो. हेलिकॉप्टरमध्ये नेमकं हेच लागतं.

पाचवं: दुंडिगल

हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे. सगळ्यांची सुरुवात पिलाटस पीसी-७ या पंखांच्या विमानावर होते. या टप्प्याच्या शेवटी तीन वाटा फुटतात: फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर. तुम्हाला पसंती विचारतात. पण गुण, प्रशिक्षकाने पाहिलेला हात आणि त्या वर्षी दलाला कुठे किती माणसं हवीत, या तिन्हींवर वाटणी ठरते.

आणि इथे मी थांबून एक गोष्ट सांगणार आहे, कारण माझ्या दारात येणारं प्रत्येक पोर "फायटर" म्हणूनच येतं. हेलिकॉप्टर मिळालं की काहींचा चेहरा पडतो. मी ते चेहरे पाहिले आहेत. आणि तीच मुलं सहा वर्षांनी लेहच्या वर, बर्फाच्या धारेवरच्या घोंगडीएवढ्या सपाटीला एक चाक टेकवून, जखमी जवानाला आत घेताना पाहिली आहेत. पुरात गच्चीवर उभ्या असलेल्या बाईला फायटर उचलू शकत नाही. दुसऱ्या नंबरची वाट म्हणून हेलिकॉप्टरकडे येणार असाल तर त्या जागी दुसऱ्याला येऊ द्या.

सहावं: हकीमपेट, जिथे हात घडतो

हेलिकॉप्टरवाले हकीमपेटच्या हेलिकॉप्टर ट्रेनिंग स्कूलमध्ये येतात. गुरू म्हणजे चेतक, फ्रेंच अलुएतचा आपल्याकडे बनलेला अवतार, १९६२ पासून सेवेत असलेला.

डाव्या हाताला कलेक्टिव्ह, तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर उचलतं. उजव्या हातात सायक्लिक, ती जिकडे कलेल तिकडे फिरत्या पात्यांची चकती कलते आणि हेलिकॉप्टर सरकतं. पायाखाली पेडल, ती शेपटीचा छोटा पंखा सांभाळतात. तिन्ही एकमेकांत गुंतलेले. कलेक्टिव्ह वर ओढला की मोठ्या पंख्याचा जोर वाढतो आणि अंग उलट्या बाजूला फिरायला बघतं. चेतकचा पंखा वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून नाक डावीकडे जातं. ते उजव्या पेडलने धरलं की आणखी काहीतरी बदलतं, ते सायक्लिकने धरायचं. एक सावरावं तर दोन सुटतात.

पहिल्या दिवसांत शिकवणारे सर एकेकच गोष्ट हातात देतात: आज फक्त पेडल, बाकी मी बघतो. आम्ही मेकॅनिक अग्निशामक घेऊन कडेला उभे राहायचो. चेतक जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, आणि आत शिकाऊ पोरगं. नाक थोडं डावीकडे गेलं की पोरगं जोरात उजवं पेडल देणार, मग ते उजवीकडे जाणार, मग आणखी जोरात डावं. चेतक दाव्याला बांधलेल्या वासरासारखं झटके खायचं. तिन्ही कंट्रोल हातात आले की अख्खं फुटबॉलचं मैदान पुरायचं नाही. खाली उतरल्यावर पोरांच्या ओव्हरऑलची पाठ भिजलेली असायची आणि उजव्या हाताची बोटं लगेच उघडायची नाहीत, इतकी स्टिक आवळून धरलेली. सर त्यांना हेच सांगायचे: आवळू नकोस. दोन बोटांत धर, हात मांडीवर ठेव, समोर लांब बघ. हेलिकॉप्टर तुझ्या हाताला थोडं उशिरा उत्तर देतं, त्या उशिरासाठी थांबायला शीक.

मग एक दिवस, का ते त्या पोरालाही सांगता येत नाही, ते हवेत स्थिर उभं राहतं. खाली उभ्या असलेल्या आम्हालाही आवाजावरून कळायचं. पंख्याचा तो हेलकावणारा सूर एकसारखा होतो.

दुसरा मोठा धडा ऑटोरोटेशन. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं, असं सगळ्यांना वाटतं. नीट हाताळलं तर तसं होत नाही. सातपुड्यात अंजनाच्या झाडाची पंखाची शेंग गळताना पाहिली आहे? ती गिरक्या घेत सावकाश उतरते. तसंच इथे. पायलट कलेक्टिव्ह ताबडतोब खाली टाकतो, खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते, आणि जमिनीजवळ नाक वर घेऊन तो साठलेला फेरा शेवटी एकदाच वापरून टेकायचं. हात खाली जायला क्षणभर उशीर झाला तर पंख्याचे फेरे पडतात आणि मग काही उरत नाही. म्हणून हे इतक्या वेळा करून घेतात की डोक्याने ठरवायच्या आधी हात गेलेला असतो.

तिसरा धडा आपल्या मातीतला आहे. मे महिन्यात जळगावला पारा ४५ वर जातो, त्या हवेत हेलिकॉप्टर आळसावतं. गरम हवा विरळ होते, पात्याला पकडायला कमी मिळते, इंजिनालाही कमी मिळते. त्या दुपारी जळगावची हवा हेलिकॉप्टरला जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवरची असल्यासारखी लागते. मग माणसं कमी घ्यायची की तेल कमी भरायचं, हा हिशेब उडण्याआधी कागदावर करावा लागतो. फिजिक्सच्या पुस्तकातलं घनतेचं प्रकरण म्हणून वगळू नका.

सातवं: विंग मिळाल्यावर कोणतं हेलिकॉप्टर

दुंडिगलच्या संचलनात छातीवर विंग, म्हणजे पायलटचा पंखांचा बिल्ला, लागते आणि तुम्ही फ्लाइंग ऑफिसर होता. पुढच्या टप्प्यासाठी बरेच जण बेंगळुरूजवळ यलहंक्याला ११२ हेलिकॉप्टर युनिटमध्ये एमआय-१७ शिकायला जातात. जुन्या एमआय-८ ला हवाई दलाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिथेच निरोप दिला. मग पहिलं युनिट.

नेमणूक कशी होते हे सगळ्यांना हवं असतं. पहिली नेमणूक बहुतेक गरजेप्रमाणे. चेतक-चीता म्हणजे लहान अंगाचं, उंचावर जाणारं हेलिकॉप्टर. चीता ज्या फ्रेंच लामावरून बनलं, त्याने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा जागतिक विक्रम केला होता, आणि सियाचीनच्या चौक्यांना इतकी वर्षं त्याने जगवलं ते उगाच नाही. ध्रुव आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, रुद्र हे त्याचंच शस्त्रधारी रूप. एमआय-१७ हे दलाचं ओझं वाहणारं बैल, माणसं, रसद, पूर, वणवा, सगळीकडे तेच. या मोठ्या हेलिकॉप्टरवर तुम्ही आधी को-पायलट असता. रशियन बनावटीत कॅप्टन डावीकडे बसतो आणि चेतकमध्ये उजवीकडे, त्यामुळे चेतकवरून आलेल्यांना सुरुवातीला हात उलटे झाल्यासारखे वाटतात.

हल्ल्याची हेलिकॉप्टर सगळ्यांना हवी असतात. अपाची हवाई दलाकडे २२ आहेत, पहिली २०१९ मध्ये पठाणकोटला आली. सेनादलाने स्वतःसाठी सहा घेतली. 'प्रचंड' हे आपलं देशी हल्ल्याचं हेलिकॉप्टर ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला दाखल झालं, आणि मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा करार झाला, त्यात ९० सेनादलाची आणि ६६ हवाई दलाची. आज अकरावीत असलेला मुलगा विंग लावून बाहेर पडेल तेव्हा ही हेलिकॉप्टर युनिटांत येत असतील, त्यांना पायलट लागणारच आहेत. चिनूक १५ आहेत, दोन मोठ्या पंख्यांची, चंडीगड आणि आसामात. नौदलात एमएच-६० रोमिओ हेलिकॉप्टरची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीला उभी राहिली.

यातलं कुठलं मिळेल ते पुढे तुमच्या श्रेणीवरही ठरतं. उड्डाण परीक्षक वेळोवेळी तपासतात आणि ढगात, फक्त डायल बघून उडण्याच्या क्षमतेप्रमाणे व्हाइट, ग्रीन, मास्टर ग्रीन असे दर्जे मिळतात. चांगला हात असेल तर तांबरमला प्रशिक्षक व्हायला, किंवा बेंगळुरूला टेस्ट पायलटच्या शाळेत जाता येतं.

पालकांसाठी

धोका आहे का? आहे. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ एमआय-१७ व्ही-५ पडलं आणि जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ माणसं गेली. चौकशीत निघालं की दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि पायलटांचं दिशेचं भान हरपलं. वर लिहिलेल्या त्या दर्जांना एवढं महत्त्व का, ते यातून कळावं. मी त्याच जातीच्या हेलिकॉप्टरमध्ये, तशाच दऱ्यांमध्ये उडालो आहे. आईबापांना मी कधी "काही होत नाही" असं सांगत नाही. रोज सकाळी माझ्यासारखा फिटर प्रत्येक नट, प्रत्येक तेलाची पातळी हात लावून बघतो आणि सही करतो, मग पायलट स्वतः फिरून पुन्हा बघतो, हे सांगतो. ती सही करताना माझा हात कधी घाईत नव्हता.

पगार म्हणाल तर सुरुवात ५६,१०० च्या मूळ वेतनाने, वर भत्ते, त्यात फ्लाइंग भत्ताही. एएफकॅटच्या शॉर्ट सर्व्हिसमध्ये फ्लाइंगची नोकरी १४ वर्षांची, एनडीएतून गेलं तर कायमस्वरूपी.

आणि पायलट होता आलं नाही तर? फ्लाइट इंजिनिअर, फ्लाइट गनर, जमिनीवरची तांत्रिक शाखा, या सगळ्यांशिवाय ते हेलिकॉप्टर एक इंच हलत नाही. मी त्यातलाच.

चोपडा तालुक्यातली एक मुलगी दर तीन महिन्यांनी वडिलांच्या मोटरसायकलवर बसून माझ्याकडे येते. अकरावी सायन्स, डोळे स्वच्छ, रंगांचं पुस्तक तिने न अडखळता वाचलं. पहिल्यांदा आली तेव्हा पायाचं माप ९७ भरलं होतं. आम्ही ते दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहून ठेवलं, तारखेसकट. मागच्या रविवारी ती पुन्हा भिंतीला टेकून बसली. मी टेप दोनदा लावला, मग तिच्या वडिलांना लावायला सांगितला. ९८ आणि वर अर्धा.